सोलापूरच्या उन्हात कॅबिनेट थंड ठेवायचं तर: आधी वाट, मग पंखे

मे महिन्यात भर दुपारी संगणकाचा प्रोसेसर ९५ अंश दाखवतो म्हणून ज्यांनी आणखी दोन-तीन पंखे मागवलेत, त्यांनी ते खोकं एवढ्यात फोडू नये. आपल्याकडच्या बहुतेक कॅबिनेटांत पंख्यांची कमतरता नसते, हवेला वाट नसते. पुढे सबंध काच, मागे बारीक छिद्रांचा पत्रा आणि जाळीवर कापसाच्या तंतूंचा थर. अशा कॅबिनेटात सहावा पंखा बसवला तरी तो आतलीच गरम हवा ढवळत बसतो, आवाज तेवढा वाढतो.

म्हणून आधी मोजा, मग साफ करा, आणि त्यानंतरच पत्रा कापायचा की नाही ते ठरवा. बरेच जण दुसऱ्या पायरीलाच थांबतील, आणि तेच बरं.

मोजमाप

प्रोसेसरचं तापमान सगळेच बघतात, खोलीचं कुणी बघत नाही. साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, टेबलाच्या उंचीवर ठेवा. हवेने थंड होणारी कुठलीच वस्तू त्या हवेपेक्षा थंड होत नाही. त्यामुळे आपल्या कामाचा आकडा एकच: प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीत, खोली २५ आणि प्रोसेसर ७२ असेल, आणि मे महिन्यात खोली ३८ आणि प्रोसेसर ८५ असेल, तर फरक दोन्ही वेळा ४७ आहे. म्हणजे कॅबिनेट बिघडलेलं नाही, ऋतू बदललाय. पुण्यातल्या मित्राचा आकडा बघून हळहळण्यातही काही अर्थ नाही, त्याची खोली वेगळी.

घाबरायचं कधी, तेही सांगतो. इंटेलचे बरेचसे डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांपर्यंत चालतात, एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ पर्यंत. तिथे पोचले की ते जळत नाहीत, आपणहून वेग उतरवतात. काम रखडतं ते त्यामुळे.

आता चाचणी. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवा, प्रोसेसरला पूर्ण जुंपणारं सिनेबेंच दहा मिनिटं फिरवा आणि शेवटी प्रोसेसर कुठे स्थिरावला ते लिहून ठेवा. ग्राफिक्स कार्डासाठी एखादा जड गेम अर्धा तास पुरतो. हीच चाचणी तीनदा करायची: एकदा कॅबिनेट आहे तसं, एकदा बाजूचा पत्रा किंवा काच काढून, आणि एकदा बाजू बंद करून पण पुढचं पॅनल काढून. तिन्ही वेळा खोलीचं तापमान लिहा, कारण दुपारी दोन आणि रात्री दहा यांत बराच फरक पडतो.

वाचायचं असं. बाजू काढल्यावर फरक सात-आठ अंशांनी उतरला तर कॅबिनेट गुदमरतंय, त्यात काम करण्यासारखं आहे. नुसतं पुढचं पॅनल काढून जवळपास तेवढाच उतरला तर दुखणं पुढेच आहे, बाकी कशाला हात लावायची गरज नाही. आणि बाजू उघडूनही अंश-दोन अंशच पडला, तर कॅबिनेट निर्दोष आहे. दोष प्रोसेसरच्या कूलरमध्ये, म्हणजे त्याच्यावरच्या पंख्यात आणि हीटसिंकमध्ये (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्यात) आहे: दोघांमधली थर्मल पेस्ट वाळलेली, हीटसिंकचा एखादा कोपरा नीट न बसलेला, नाहीतर त्याच्या पात्यांमध्ये कचरा. अशा वेळी पत्रा कापून हाती फक्त कापलेला पत्रा येतो.

तंतूंचा बंदोबस्त

आपली धूळ नुसती धूळ नसते. पूर्व भागात, अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास किंवा घरातच माग असलेल्या वस्तीत हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. टॉवेल-चादरीचं डिझाइन ज्या खोलीत संगणकावर बनतं, तिची भिंत बऱ्याचदा कारखान्याला लागूनच असते. साधी धूळ जाळीतून आत जाते आणि सगळीकडे बसते. तंतू मात्र जाळीवर आडवे पडतात, एकात एक गुंततात आणि काही आठवड्यांत तिथे चक्क नमदा तयार होतो. नखाने एक कोपरा उचलला की अख्खा थर एकसंध सोलून हातात येतो.

बाहेरच्या जाळीवरचा थर दिसतो तरी. फसवतो तो दुसरा, प्रोसेसरच्या पंख्याखालचा. पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही जोरात, पण त्याच्या आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये राखाडी गादी बसलेली असते. ती ब्लोअरने निघत नाही, उलट आणखी आत दडपली जाते. पंखा सोडवा, गादी चिमटीने उचला, मग पात्यांमधून मऊ ब्रश फिरवा आणि शेवटी ब्लोअर. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. गॅरेजच्या कॉम्प्रेसरची हवा नको, तिच्यात पाण्याचे थेंब येतात. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बाहेरूनच साफ करा, उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका चार्ज राहतो.

जागाही बदलून बघा. संगणक टेबलाच्या बंद कप्प्यात कॅबिनेट ठेवलं असेल तर ते बाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर अंतर सोडा, जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा. दुपारी उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका. पाण्याचा कूलर खोलीत जरूर लावा, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. पॅडमधून उडालेले तुषार आत जातात, आपल्या जड पाण्याचे क्षार मागे राहतात आणि ओलसर तंतू पात्यांना घट्ट चिकटतात.

ग्राफिक्स कार्ड तापत असेल तर त्याची पॉवर लिमिट, म्हणजे ते जास्तीत जास्त किती वीज ओढेल ती मर्यादा, ८० टक्क्यांवर आणून बघा. गेममध्ये थोडा वेग जाईल, बहुतेकांना तो जाणवतही नाही, आणि कार्डाची उष्णता चांगलीच उतरते. कानस हातात घ्यायच्या आधी हे फुकटचे उपाय संपवा.

कापायचं कुठे

आता ज्यांच्या चाचणीत कॅबिनेट दोषी ठरलं त्यांच्यासाठी. थोडं गणित करू. तुमचा संगणक जोरात चालताना ३०० वॅट उष्णता सोडत असेल आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण ५५ घनफूट हवा आरपार जायला हवी. १२० मिमीच्या बऱ्याच पंख्यांच्या खोक्यावर याच्या जवळपासचा किंवा जास्तच आकडा छापलेला असतो. पण तो मोकळ्या हवेतला. पुढे जाळी, मागे छिद्रांचा पत्रा आला की त्यातलं बरंच हरवतं. म्हणून पहिला मान अडथळे काढण्याला.

सर्वांत स्वस्त आणि हमखास काम म्हणजे मागची पंख्याची जाळी. जुन्या आणि स्वस्त कॅबिनेटात तिथे पत्र्यालाच छिद्रं पाडलेली असतात आणि निम्म्याच्या आसपास जागा पत्रा खातो. तो भाग गोल कापून काढा आणि तिथे तारेचा फॅन गार्ड लावा. हवा मोकळी जाते, आवाजही उतरतो.

दुसरं, पुढचं पॅनल. काचेचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टेम्पर्ड काच कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. ड्रिल लावलं की सबंध काचेचा चुरा होतो. तिथे दोनच उपाय. काचेच्या चार स्क्रूंखाली स्पेसर घालून ती दीड-दोन सेंटिमीटर पुढे आणा, म्हणजे चारही कडांनी हवा आत येईल. किंवा काच कपाटात ठेवून द्या आणि तिच्या मापाचा जाळीचा पत्रा बसवा. मी दुसरा सुचवेन. काच शोभेची आहे, आणि शोभेला ४२ अंशांत काही किंमत नाही की ओ. पुढचं पॅनल प्लास्टिकचं असेल तर मधला बंद भाग कापून आतून जाळी चिकटवता येते.

तिसरं, बाजूचा पत्रा. तो बंद असेल आणि ग्राफिक्स कार्ड तापट असेल, तर कार्डाच्या पंख्यांच्या थोडं खाली, समोर, हवा आत ओढणारा एक पंखा बसवा. कार्डाला ताजी हवा मिळवून देण्याचा हा सर्वांत जवळचा रस्ता.

छताच्या बाबतीत जपून. तिथे मागच्या अर्ध्या भागात बाहेर फेकणारा पंखा ठीक आहे. पुढच्या अर्ध्यात लावला तर पुढून आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आतच तो उडवून लावतो. शिवाय संगणक बंद असताना वरच्या भोकातून धूळ थेट मदरबोर्डावर पडते. माग जवळ असेल तर छत कापूच नका. तळालाही नको, जमिनीवरचे तंतू आधी तिथूनच ओढले जातात.

कापणं

हत्यारं: ड्रिल मशीन, ३ आणि साडेचार मिमीचे एचएसएस (धातूला चालणारे) बिट, सेंटर पंच, हातोडी, अर्धगोल कानस, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, गॉगल, जाड हातमोजे, आणि १२० मिमीच्या पंख्यासाठी साडेचार इंची म्हणजे ११४ मिमीचा, धातूसाठीचा होल सॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत. हा होल सॉ एका भोकासाठी विकत घेण्यात मतलब नाही. एमआयडीसीत किंवा तुमच्या पेठेतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे मार्किंग केलेला पत्रा घेऊन जा, तो चहा येईपर्यंत कापून देईल. मार्किंग मात्र स्वतः करून न्या. त्याचा हात सरळ असतो, पण पंखा कुठे बसायचाय हे त्याला ठाऊक नसतं.

बाजूचा पत्रा वेगळा निघतो, त्यामुळे तो सोपा. मागची बाजू कापायची असेल तर मदरबोर्ड, एसएमपीएस, वायरी, सगळं बाहेर काढा. प्लास्टिक गुंडाळून भागवायचा मोह होईल, होऊ देऊ नका. पोलादाचा केसाएवढा कीस दोन पिनांमध्ये अडकला की शॉर्ट होतो, आणि तो कीस नेमका कुठे गेला ते कधीच सापडत नाही.

मार्किंगसाठी कापायच्या जागेवर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावा. त्याने रंग खरवडत नाही आणि पेन्सिलीच्या रेघाही दिसतात. पंखा टेपवर ठेवून चारही स्क्रूंच्या भोकांतून खुणा करा. १२० मिमीच्या पंख्यात शेजारशेजारच्या दोन भोकांमधलं अंतर १०५ मिमी असतं, १४० च्या पंख्यात १२४.५, जुन्या ८० मिमीच्या पंख्यात ७१.५. पट्टीने तपासून घ्या. समोरासमोरच्या खुणा तिरक्या रेघांनी जोडा, रेघा जिथे छेदतील तो मध्य. आता पत्रा कॅबिनेटला लावून बघा: पंख्याची जाडी २५ मिमी असते, तो आत कूलरला, कार्डाला किंवा वायरीला अडतोय का? हे कापायच्या आधी बघायचं.

मध्यावर आणि चार खुणांवर पंच मारा, नाहीतर बिट घसरतं. चार भोकं आधी ३ मिमीने, मग साडेचारने. पत्र्याखाली लाकडाची फळी ठेवून दोन्ही क्लॅम्पने आवळा. होल सॉ सावकाश फिरवा, दोन थेंब तेल सोडा, जोर लावू नका. खरा धोका शेवटच्या फेऱ्यांत असतो. पत्रा एका बाजूने सुटतो, दुसऱ्या बाजूने धरलेला असतो, होल सॉचा दात त्या चिंचोळ्या दुव्यात अडकतो आणि मशीन मनगटाला हिसडा देतं. आवाज बदलून खरखरीत झाला की दाब जवळपास काढून घ्या आणि मशीन दोन्ही हातांनी धरा.

होल सॉ नसेल तर कडेने आतून जवळजवळ भोकं पाडून जिगसॉने जोडता येतात. ग्राइंडरने गोल कापायला सरावाचा हात लागतो, ठिणग्या रंग जाळतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

कापलेली कड ब्लेडसारखी असते. अर्धगोल कानशीने दोन्ही बाजूंनी मारा, मग पॉलिश पेपर. उघड्या पत्र्यावर रेड ऑक्साइडचा हात, वाळल्यावर स्प्रे. कडेवर यू आकाराची रबर बीडिंग बसवली की काम नीटनेटकं दिसतं आणि वायरी सोलवटत नाहीत. शेवटी पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

जाळी आणि दाब

एवढी मोठी वाट मोकळी केली की तंतूही मोकळेपणाने येणार. म्हणून हवा जिथून आत येते तिथे प्रत्येक ठिकाणी फिल्टर, आणि तो बाहेरून. स्क्रू काढून पुसायचा फिल्टर दोन महिन्यांत विसरला जातो. जुन्या फ्रिजच्या दरवाज्याच्या रबरात चुंबकाची लांब पट्टी असते. भंगारवाल्याकडून ती रबरं आणा, पट्ट्या काढून चौकट करा आणि त्यावर नायलॉनची मच्छरदाणीची जाळी ताणून चिकटवा. लोखंडी पत्र्यावर ही चौकट आपोआप धरून राहते. प्लास्टिकवर किंवा ॲल्युमिनियमवर धरणार नाही, तिथे वेल्क्रो.

फिल्टर भोकापेक्षा मोठा करा, शक्य असेल तर दुप्पट क्षेत्रफळाचा, आणि जाळी पंख्याच्या तोंडापासून बोटभर दूर ठेवा. जाळीला टेकून पंखा बसवला तर हवा फक्त पात्यांसमोरच्या कड्यातून येते आणि तोच भाग आधी तुंबतो.

पंख्यांची दिशा चौकटीवरच्या बाणावरून कळते. बाण नसेल तर मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे ज्या बाजूला, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून दोन आत, मागून एक बाहेर ही रचना मला आपल्या गावासाठी सर्वांत योग्य वाटते. आत येणारी हवा जास्त असली की कॅबिनेटात किंचित दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेर पडते, धूळ आत ओढली जात नाही. तपासायला अगरबत्ती लावा. दोन पत्र्यांच्या फटीशी, मागच्या स्लॉटांशी धूर न्या. धूर बाहेर ढकलला जात असेल तर उत्तम. आत ओढला जात असेल तर पुढचा फिल्टर तुंबलाय किंवा मागचा पंखा फार जोरात आहे. राख आत पडू देऊ नका एवढंच.

पुढच्या पंख्यांसाठी, जाळीतून हवा ओढायची असल्याने, स्टॅटिक प्रेशरसाठी, म्हणजे अडथळ्यातूनही हवा ढकलण्यासाठी बनवलेले पंखे घ्या. मागे कुठलाही चालेल.

जोडणी आणि वेग

मदरबोर्डाचं पंख्याचं एक हेडर (पंख्याची वायर लावायच्या पिना) साधारण १ अँपियर देतं. पंख्याच्या मधल्या स्टिकरवर अँपियर छापलेले असतात. ०.२ चे दोन पंखे स्प्लिटरवर, म्हणजे एका हेडरला दोन पंखे जोडणाऱ्या वायरीवर, आरामात चालतात, दिव्यांचे मोठे पंखे असतील तर बेरीज करून बघा. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, पंख्याचा वेग ठरवायचे दोन प्रकार असतात: चार पिनांच्या पंख्याला पीडब्ल्यूएम, तीन पिनांच्या पंख्याला डीसी निवडा. उलट केलं तर तीन पिनांचा पंखा सदैव पूर्ण वेगाने ओरडत राहतो.

मूळ फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल तो आलेख, थंड खोल्या गृहीत धरून केलेला असतो. खोलीच ३८ ला असली की पंखे दिवसभर वर-खाली होतात. कॅबिनेटच्या पंख्यांना ६० अंशांपर्यंत एकच स्थिर वेग द्या, ४५-५० टक्के, आणि तिथून ८५ अंशांपर्यंत सावकाश १०० वर न्या. बदल काही सेकंद उशिरा लागू होण्याची सोय बायोसमध्ये असेल तर ती चालू करा.

जोडून झालं की अर्थिंगही बघा. उघड्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे अशा वेळी धातूवर जवळपास निम्मा व्होल्टेज येतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास दिसतं. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, चप्पल घालून काम करणं हा इलाज नव्हे. तुम्ही मागचा पत्रा रंगवला असेल तर एसएमपीएसच्या स्क्रूंच्या जागचा रंग खरवडून काढा, म्हणजे कॅबिनेटला त्याच्यामार्फत नीट अर्थ मिळेल.

पुन्हा मोजा

आता पहिलीच चाचणी, बाजू बंद करून, त्याच वेळी. नवा फरक हा सुरुवातीला बाजू उघडून मिळालेल्या फरकाच्या एक-दोन अंशांत आला तर कॅबिनेटने द्यायचं ते सगळं दिलं. यापुढे आणखी भोकं पाडून काही मिळणार नाही. फिल्टर उन्हाळ्यात आठवड्याला झटका, माग जवळ असेल तर दर दोन-तीन दिवसांनी, आणि महिन्यातून एकदा धुवा. जाळीमागे हात धरून वारा कमी लागला की वेळ झाली समजा.

एवढं करूनही मे महिन्यात आकडा ९० ला भिडत असेल, तर उरलेले अंश खोलीचे आहेत. ते खोलीतूनच काढावे लागतील: पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, गच्चीला चुन्याचे दोन हात, आणि जड रेंडरिंग रात्री दहानंतर.